जुन्या बुलेटचा क्लच सुटत नाही, लाइट मंद होतो. प्लेट्स आणि वायरिंग बदलावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९९४ची ३५० स्टँडर्ड बुलेट, उजव्या पायात गिअर. इंजिन तापलं की सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, पहिला टाकताना 'खट्ट' होऊन गाडी पुढे झेप घेते. हॉर्न दाबला की हेडलाइट मंद होतो आणि हँडल वळवताना गाडी मधूनच बंद पडते. गॅरेजवाला म्हणतो क्लच प्लेट्स आणि अख्खं वायरिंग बदला.

इतक्यात काहीच बदलू नका. माझ्याकडेही त्याच काळातली कास्ट आयर्न बुलेट आहे, आणि या दोन्ही तक्रारींत सुट्या भागांपेक्षा पाना आणि पॉलिश पेपर जास्त कामी येतो.

तुम्हीच लिहिलंय की खंबाटकीचा चढ गाडी डबलसीट आरामात ओढते. म्हणजे क्लच घसरत नाहीये. प्लेट्स झिजल्या की रेस वाढते, पण गाडी पळत नाही. तुमचं दुखणं बरोबर उलटं आहे: लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही. यावर नव्या प्लेट्स घालून पैसे जातील, खट्ट आवाज मात्र राहील.

खात्री करायला किक पुरते. या गाडीत किकचा जोर गिअरबॉक्समधून क्लचमार्गे इंजिनापर्यंत जातो. चावी बंद, गाडी न्यूट्रलला, क्लच पूर्ण दाबा आणि किक सावकाश खाली न्या. ती हलकी जायला हवी. कॉम्प्रेशन हाताला-पायाला लागलं, म्हणजे प्लेट्स अजून एकमेकींना धरून आहेत. हीच तपासणी गावातून फेरफटका मारून गाडी तापल्यावर पुन्हा करा, कारण तक्रार तेव्हाची आहे. रात्रभर उभ्या गाडीत तेलाने प्लेट्स चिकटणं साहजिक आहे. म्हणूनच जुने बुलेटवाले सकाळी आधी क्लच दाबून दोन-तीन किका मारतात. तो दोष धरू नका.

मग अ‍ॅडजस्टमेंट. इथे क्रम चुकतो आणि लोक नुसती केबल ताणत बसतात. आधी केबलचा अ‍ॅडजस्टर पूर्ण ढिला करा. गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूचं छोटं झाकण काढलं की आत लॉकनट आणि स्क्रू दिसतो. तो क्लचच्या पुशरॉडचा, म्हणजे प्लेट्स सुट्या करायला आत ढकलणाऱ्या दांडीचा. लॉकनट सैल करून स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घ्या, मग किंचित मागे घेऊन लॉकनट आवळा. आता केबल अशी ताणा, की लिव्हरच्या मुळाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल उरेल. चाल अजिबातच ठेवली नाही तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि मग प्लेट्स खरोखरच जळतात. केबल जुनी, आतून गंजलेली असेल तर ती मात्र बदला, स्वस्त आहे.

चेनकेसमधलं (इंजिनाच्या डावीकडची, क्लच असलेली पेटी) तेल लेव्हल प्लगने तपासा. जास्त किंवा फार जाड तेल असलं तरी क्लच असाच धरतो. आणि सिग्नलला पहिला टाकून, क्लच दाबून उभं राहायची सवय सोडा, प्लेट्स तापून फुगतात. गाडी सरकत असतानाच दुसऱ्यातून न्यूट्रल फाइंडर (थेट न्यूट्रलला नेणारा गिअरजवळचा छोटा पेडल) मारा.

आता वायरिंग. हँडल वळवल्यावर गाडी बंद पडते, हा फार मोठा धागा आहे. स्टिअरिंगच्या मानेपाशी वायरी वर्षानुवर्षं वाकून वाकून आतली तार तुटते, वरचं कव्हर शाबूत दिसतं. गाडी चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि अँमीटरकडे (करंट दाखवणाऱ्या काट्याकडे) बघा. सुई दचकली की जागा सापडली. तिथली एक-दोन वायर बदलायची, अख्खा हार्नेस कशाला?

अँमीटर शोभेचा नाही. चावी चालू करून किक हळू दाबली की पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा संपर्क) मिटल्यावर सुई डिस्चार्जकडे जाते, उघडल्यावर मध्यावर येते. ती हललीच नाही तर कॉइलला करंट पोहोचत नाही: फ्यूज, चावीचा स्विच किंवा मळलेला पॉइंट बघा. पॉइंट पुसून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा.

हॉर्नवर लाइट मंद होणं बहुतेकदा अर्थिंगचं, म्हणजे बॅटरी आणि गाडीच्या सांगाड्यामधल्या जोडणीचं असतं. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर घेऊन एक टोक बॅटरीच्या चॅसिसकडे जाणाऱ्या टर्मिनलवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा, हेडलाइट लावून हॉर्न दाबा. आकडा शून्याच्या आसपास हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थची जोडणी खराब. वडिलांच्या गाडीला नंतर रंग दिलाय का? रंगाखाली अर्थचा बोल्ट आला की हा त्रास ठरलेला. तिथला रंग खरवडून धातू चकचकीत करा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा.

बॅटरी बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट आणि मध्यम रेसवर साडेतेरा ते साडेचौदा दाखवायला हवी. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला. तेराच्या खालीच राहत असेल तर अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) वायरी तपासा. कुणी हौसेने १०० वॉटचा बल्ब बसवला असेल तर तोही काढा. तो एकटाच आठ अँपिअरच्या वर खातो.

एवढं करूनही क्लच धरलाच, तर चेनकेस उघडावी लागेल. डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढलं की झाकण मधल्या एकाच नटवर आहे. प्रेशर प्लेट (क्लच प्लेट्स दाबून धरणारी बाहेरची प्लेट) तिरकी उचलते का ते बघा. अल्टरनेटरही त्याच झाकणाआड असतो, तेव्हा तेलाने कडक झालेल्या स्टेटरच्या (त्याच्या स्थिर भागाच्या) वायरी त्याच फेरीत उरकून घ्या, आणि रोटर (फिरणारा भाग) व स्टेटरमध्ये फिलर गेज सगळीकडून सारखं फिरतंय ना, हे बघितल्याशिवाय झाकण बंद करू देऊ नका. व्होल्टेजचे आकडे इथे कळवा, मग रेग्युलेटरचं बोलू.