जुनी स्पोर्ट्स घड्याळे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऑडेमार्स पिगे कंपनीचे १९७० च्या दशकातील ‘रॉयल ओक’ हे पोलादी घड्याळ घेण्याचा माझा विचार आहे. पाहिलेल्यांपैकी एक पॉलिश केलेले, तबकडी बदललेली आणि अगदी नवे दिसणारे आहे. दुसऱ्यावर ओरखडे आहेत आणि त्याची तबकडी फिकट झाली आहे, तरीही त्याचीच किंमत जास्त सांगितली जाते. हे कसे?

उत्तर : जास्त किंमत बहुधा योग्य आहे. जेराल्ड जेंटा यांनी आरेखित केलेले आणि १९७२ मध्ये बाजारात आलेले हे ३९ मिलिमीटरचे घड्याळ (मॉडेल ५४०२) ओळखले जाते ते त्याच्या आकारामुळे. काचेभोवतीचे अष्टकोनी कडे, बारीक रेघांचा पोत असलेले सपाट पृष्ठभाग आणि त्यांना छेदणाऱ्या चकचकीत तिरप्या कडा यांवर सारे सौंदर्य अवलंबून आहे. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडे पोलाद झिजते, कोन गोलसर होतात आणि कडांची रुंदी जागोजागी बदलते. लेसर वेल्डिंगने भर घालून कडा पुन्हा कोरता येतात. पण जाणकार संग्राहक त्याला दुरुस्तीच मानतो आणि किंमतही त्याच हिशेबाने लावतो. ओरखडे मात्र आकार बिघडवत नाहीत.

बदललेली तबकडी नकलीच असते असे नाही. पूर्वी दुरुस्तीसाठी आलेल्या घड्याळाला कंपन्या स्वतःच नवी तबकडी बसवून देत आणि ती उत्तम सेवा समजली जाई. तरीही मूळ तबकडी जपून ठेवली आहे का, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. घरी करता येण्याजोगी एक परीक्षाही आहे. त्या काळी काट्यांवर आणि खुणांवर ट्रिटियमयुक्त (ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) चमकद्रव्य लावत. ट्रिटियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरण्यास लागणारा काळ, सुमारे १२.३ वर्षे असल्यामुळे पन्नास वर्षांनंतर त्याचा जेमतेम सोळावा हिस्सा उरतो आणि चमक अगदी मंद होते. विजेरीचा उजेड दाखवल्यावर अंधारात खुणा बराच वेळ ठळक चमकत राहिल्या, तर ते द्रव्य मागाहून लावलेले आहे असे समजावे. काट्यांवरील आणि तबकडीवरील द्रव्याच्या रंगांत मोठा फरक असेल, तर त्याचेही कारण विचारावे.

कंपनीच्या नोंदवहीतील उतारा जरूर मागवावा. मात्र त्या क्रमांकाचे घड्याळ बनले होते एवढेच त्यावरून कळते. आज त्यात कोणते भाग आहेत, हे उघडून पाहिल्याशिवाय ठरत नाही.

प्रश्न : ‘पॉल न्यूमन’ तबकडीचे रोलेक्स डेटोना एवढे महाग का असते, आणि सामान्य संग्राहकाने त्याच्या मागे लागावे का?

उत्तर : डेटोना हे स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ १९६३ मध्ये आले. त्याची ही वेगळ्या धाटणीची तबकडी त्या काळी ग्राहकांना फारशी रुचली नाही, म्हणून ती कमी विकली गेली आणि पुढे दुर्मीळ ठरली. ज्यांच्या नावाने ही तबकडी ओळखली जाते, त्या अभिनेते न्यूमन यांचे स्वतःचे घड्याळ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १.७७ कोटी डॉलरना विकले गेले; ती किंमत त्या एका घड्याळाच्या इतिहासाची होती, इतरांनी तिचा आधार घेऊ नये. साध्या डेटोनाला नव्याने छापलेली तबकडी बसवण्याचा उद्योग याच भावामुळे बोकाळला आहे. लहान उपतबकड्यांमधील खुणांची टोके चौकोनी आहेत का, हे भिंगातून पाहावे. तेवढ्यावर विसंबू नये, कारण बनावट करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे शक्य नसेल, तर हा व्यवहार टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : तबकडीवर पाण्यातील खोली छापलेली आहे. असे जुने घड्याळ घालून पोहता येईल का?

उत्तर : नाही. तो आकडा नव्या घड्याळाचा होता. रबरी सील कालांतराने कडक होतात आणि ते जिथे बसतात तिथला धातूही गंजाने खडबडीत होतो. सील बदलून दाबचाचणीत घड्याळ उत्तीर्ण झाले, तरी आत शिरलेला एक थेंबही तबकडीचे कायमचे नुकसान करू शकतो. पोहताना नवे घड्याळ वापरावे.