बीपीसाठी गच्चीवर सर्पगंधा लावावी का?

वडिलांचं बीपी वाढलंय, गच्चीवर सर्पगंधा, लसूण, अंबाडी लावली तर गोळी बंद करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. गोळी बंद करू नका. झाडं जरूर लावा, पण सर्पगंधा औषध म्हणून घरी वापरू नका.

तिच्यात गुण नाही म्हणून नव्हे, फार आहे म्हणून. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि जगभरच्या डॉक्टरांचं या मुळीकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये मुळीतून रिसर्पिन हे बीपी उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं, पुढे त्याच्या गोळ्या आल्या. गोळीत माप ठरलेलं असतं. कुंडीतल्या मुळीत ते किती उतरलंय हे घरी कसं कळणार? जास्त झालं तर बीपी एकदम खाली येतं, नाडी मंदावते, माणूस खिन्न होतो. त्यात रोजची गोळी चालू असेल तर चक्कर येऊन पडायची भीती वेगळीच.

लाल अंबाडीच्या बोंडांच्या चहाने बीपी थोडं उतरतं, असं अभ्यासांत दिसलंय. लाल आवरण सोलून सावलीत वाळवायचं आणि उकळायचं. पण डॉक्टरांना सांगूनच. लसूण जेवणात खुशाल असू दे. मात्र रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वेगळा जादा लसूण खाऊ नये. काढ्यात ज्येष्ठमध मुळीच नको, त्याने बीपी वाढतं.

खरा उपयोग मला दिसतो तो मीठ कमी करण्यात. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा मीठ पुरे. आपल्या कोल्हापुरात खर्डा, पापड, लोणचं आणि मिसळीचा कट यांतच ते संपतं. सासूबाईंना बीपी आहे, म्हणून आमच्याकडे खर्ड्यात मिरच्यांबरोबर लसूण सढळ असतो. तव्यावर चांगलं डाग पडेपर्यंत भाजायचं, तिथंच तांब्याच्या बुडाने रगडायचं, वरून कुंडीतली कोथिंबीर आणि लिंबू. मीठ निम्मं घातलं तरी त्या मागत नाहीत.

वडिलांना पाच मिनिटं शांत बसवून, रोज ठराविक वेळी बीपी मोजा आणि वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा. आकडे सतत खाली राहिले तर गोळी कमी करायची का, ते तेच ठरवतील.