जुन्या ८-बिट गेमच्या संगीतात तो 'टुरुरुरु' असा थरथरता आवाज का येतो? चिप इतकी साधी होती का?

तो थरथराट म्हणजे कॉर्ड, म्हणजे दोन-तीन स्वर एकदम, वाजवायची पळवाट. कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरबद्दल सांगतो, कारण एम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) का होईना, त्याच्या आवाजापायी मी बऱ्याच रात्री जागवल्यात.

१९८२ च्या या मशीनमधल्या सिड ६५८१ या आवाजाच्या चिपला एका वेळी तीनच आवाज काढता येत. एक बेसला गेला, एक चालीला, राहिलेल्या एकात ठोकेही बसवायचे. मग कॉर्डला उरलं काय? म्हणून एकाच आवाजाला सा, ग, प हे स्वर आळीपाळीने द्यायचे, तेही सेकंदाला ५० वेळा, म्हणजे युरोपातल्या टीव्हीच्या गतीने. पेटीवर तीन पट्ट्या एकदम दाबायच्या सोडून एकच बोट तिघींवर पळवावं, तसं.

पण चिप साधी? मुळीच नाही. ती आखणाऱ्या बॉब यानेसला सिंथेसायझरचं वेड होतं. पुढे त्याने एन्सोनिक ही वाद्यांची कंपनीच काढली, सोबत्यांना घेऊन. त्याच काळातल्या एवाय-३-८९१० या दुसऱ्या आवाजाच्या चिपमध्ये चौकोनी लहरी, खरखर आणि तिन्ही आवाजांत मिळून एकच चढ-उतार, एवढंच. सिडमध्ये चार प्रकारच्या लहरी, प्रत्येक आवाजाचा चढ-उतार वेगळा, वर आवाजाचा पोत बदलणारा फिल्टर. स्पेक्ट्रम ४८के या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरची तर बातच सोडा: आवाजाची चिपच नाही, सगळा आवाज प्रोसेसर स्वतः काढणार, आणि बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेतलं बीप वाजत असेतो बाकी कामं ठप्प!

सिड हातानेही वाजवता येते. एम्युलेटरमध्ये या ओळी एकेक करून टाका ('पोक' म्हणजे मेमरीतल्या त्या पत्त्यावर पुढचा आकडा ठेवायची आज्ञा):

पोक ५४२९६,१५
पोक ५४२७७,९
पोक ५४२७८,०
पोक ५४२७३,२५
पोक ५४२७२,१७७
पोक ५४२७६,३३

(पोक अर्थात इंग्रजीत, आकडेही इंग्रजीच.) शेवटची ओळ टाकली की 'टँग' वाजून विरतं. त्यातला ३३ म्हणजे ३२ ची करवती लहर अधिक १ चं 'वाजव'.

पहिल्या ओळीतला ५४२९६ मात्र भारी आहे. तो आवाज लहान-मोठा करायचा पत्ता, १६ पायऱ्यांचा. ६५८१ मध्ये एक दोष राहिला होता: पायरी बदलली की 'टक्' व्हायचं. पोरांनी ते टक्-टक् सेकंदाला हजारो वेळा करून चिपकडून चक्क माणसाचं बोलणं वदवून घेतलं. पुढच्या ८५८० चिपमध्ये तो दोष बराचसा गेला, आणि गेममधलं बोलणं कुजबुजल्यासारखं येऊ लागलं. एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही चिप असतात, बोलणारा एखादा गेम दोन्हींवर लावून बघा.