प्लाँझ, बॅटरी आणि बुडी

प्रश्न : मुलगा हॉटेल मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगसाठी फ्रान्सला, ल्योंला गेलाय. परवा फोनवर म्हणाला, ‘आई, या आठवड्यात मी प्लाँझ बॅटरीत आहे.’ मोबाइलवर शोधलं तर अर्थ निघाला ‘बुडी’. त्याला तर पोहता येत नाही! आणि ही बॅटरी कसली?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, घाबरू नका. पोरगा मोरीवर आहे.

फ्रेंचमध्ये ‘प्लाँझे’ म्हणजे बुडी मारणं. हॉटेलात भांडी घासायची जागा ती प्लाँझ, घासणारा तो प्लाँझर, म्हणजे पाणबुड्या. शब्दाचं मूळ लॅटिनमधलं शिसं. पाण्यात सोडलं की थेट तळाला! बॅटरी म्हणजे विजेरी नव्हे. ‘बात्र’ म्हणजे ठोकणं, त्यावरून ठोकून घडवलेली स्वयंपाकाची भांडी, आपल्या तांबटआळीतल्यासारखी. टोप, कढया, ट्रे या मोरीवर येतात. ताटल्या-ग्लासांची मोरी वेगळी, तिथं बहुधा मशीन असतं. चिरंजीवांच्या वाट्याला जड बाजू आलीय.

आपल्या हॉटेलांत शेफ, सू-शेफ (शेफच्या हाताखालचा), कॉमी (शिकाऊ स्वयंपाकी) असे फ्रेंच शब्द रुळले, मोरीपर्यंत मात्र पोचले नाहीत. आम्ही ‘पॉटवॉश’ म्हणायचो, खातं ‘स्टुअर्डिंग’. ठाणे ते बेलापूर मी त्यात सव्वीस वर्षं काढली, आणि मला फ्रेंचांचाच शब्द नेमका वाटतो. सिंकवर फेस आणि तेलाचा तवंग, तळ दिसत नाही. कोपरापर्यंत हात घालून चाचपत भांडं शोधायचं. म्हणून सुरी सिंकमध्ये कधीच टाकायची नाही. तुर्भ्याच्या एका हॉटेलात कुणीतरी मटण कापायची सुरी टोपाखाली सोडून गेला. माझ्या उजव्या अंगठ्याला चार टाके. पावसाळ्यात अजून ठणकतो.

करपलेल्या टोपाशी झटापट करू नये. गरम पाण्यात भिजत टाकून बाकीचं उरकावं. अंड्याचं भांडं मात्र आधी गार पाण्यानं. गरम पाणी लागलं की अंडं शिजून चिकटून बसतं, मग घासणी झिजते, अंडं नाही.

शिक्षा झालीय का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. तसं काही नसावं. शिकाऊ पोरांना आळीपाळीनं मोरीवर धाडतातच. कॉमी असताना मीही तिथूनच स्टुअर्डिंगला आलो आणि तिथंच रमलो.

पुढच्या वेळी फोन आला की अंगठी काढून ठेवायला सांगा. आणि तिथं सुऱ्या कुठे ठेवतात, तेही विचारा.