नवीन फिश टँकमध्ये मासे लगेच सोडायचे की महिनाभर थांबायचं?

तुम्ही लिहिलंय की परभणीत राहता, लेकीच्या हट्टापायी दोन फुटी टँक आणलाय, घरात बोअरचं पाणी आहे. दुकानदार म्हणतो, ‘संध्याकाळी पाणी भरा, सकाळी मासे घेऊन जा.’ यूट्यूबवाले म्हणतात, महिनाभर सायकलिंग करा, म्हणजे मासे न सोडता टँकमध्ये आधी उपयोगी जीवाणू वाढू द्या. मग खरं कुणाचं?

थांबा. फक्त तो महिना भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजू नका, टेस्ट किटवर मोजा. माझा एक टँक तेहतीस दिवसांत तयार झाला, दुसऱ्याला दोन महिने लागले, आणि मित्राचा बारा दिवसांत झाला. का, ते पुढे सांगतो.

मी लातूरचा. पहिला टँक आणला त्याच संध्याकाळी सहा गोल्डफिश सोडले. दुकानदारानं निळ्या औषधाची बाटली दिली होती, तीही ओतली. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं. तिसऱ्या दिवशी सगळे मासे पृष्ठभागाला तोंड लावून फटाफट श्वास घेत होते आणि कल्ले लालबुंद. पाचव्या दिवशी शेवटचा गेला. दुकानात जाऊन सांगितलं तर म्हणे, ‘पाणी लागलं बघा तुमच्याकडचं,’ आणि आणखी सहा विकले. तेही गेले. आता विचार केला तर वाटतं, तो अर्धं खरं बोलत होता.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. नदी-तळ्यात तो पांगतो, जीवाणू खाऊन टाकतात. तुमच्या नव्या कोऱ्या काचेच्या पेटीत खाणारं कुणी नसतं. जीवाणूंची एक जात अमोनियाचा नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचा नायट्रेट. (जुन्या पुस्तकांत दुसऱ्या कामाला नायट्रोबॅक्टरचं नाव असतं, १९९८ मध्ये टँकमधले जीवाणू तपासले तेव्हा ते काम प्रामुख्यानं नायट्रोस्पायरा करताना सापडले.) अमोनिया विषारी. नायट्राइटही विषारी, तो रक्तात शिरला की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात आणि पाणी बदलून तो काढता येतो. हे दोन्ही जीवाणू पुरेसे वाढेपर्यंत वाट बघणं म्हणजे सायकलिंग. ते फार सावकाश वाढतात, म्हणून आठवडे लागतात.

आता आपल्या पाण्याची गोष्ट, कारण यूट्यूबवर ती कुणी सांगत नाही. मराठवाड्यात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो ना, तेच. माझ्या बोअरचा पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचं माप, ७ म्हणजे मधोमध) ८ च्या वर आहे. पीएच ७ आणि पाणी २५ अंश असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का भाग खऱ्या विषारी रूपात असतो. पीएच ८ आणि ३० अंशांवर तोच साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे मऊ पाण्याच्या गावातला माणूस मासे सोडून सायकलिंग करून निभावून नेईल, आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात तेवढ्याच अमोनियात मासे तडफडतील. ‘पाणी लागलं’ ते असं.

उलट जीवाणूंना हेच जड पाणी फार मानवतं. अमोनिया खाताना ते पाण्यातली क्षारता (पीएच घसरू न देणारे क्षार) वापरून संपवतात, १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७ मिलिग्रॅमच्या आसपास. क्षारता संपली की पीएच घसरतो आणि ६ च्या जवळ आला की जीवाणू काम थांबवतात. माझ्या दुसऱ्या टँकचे दोन महिने इथंच गेले. ‘माशांना चांगलं पाणी’ म्हणून मी चार जार आरओचं पाणी विकत आणून भरलं होतं, त्यात हे क्षार जवळपास नसतातच. बाराव्या दिवशी अमोनिया जिथल्या तिथं, विसाव्या दिवशीही तिथंच. पीएच मोजला तर किटच्या पट्टीवरचा सगळ्यात खालचा पिवळा रंग. एक तृतीयांश पाणी काढून बोअरचं घातलं, तेव्हा कुठं चार दिवसांत आकडा हलायला लागला. त्यामुळे सायकलिंगला बोअरचंच पाणी घ्या. आरओ नंतर कामी येईल.

नळाचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्यात ब्लीचिंग पावडरचं क्लोरीन असतं, ते जीवाणूंनाही मारतं. टँकरमध्ये तर पावडर अंदाजानं टाकलेली असते. माशांच्या दुकानात क्लोरीन घालवणारे हायपोचे खडे (सोडियम थायोसल्फेट) मिळतात, चार-पाच खडे बादलीत विरघळवून घ्या, किंवा बादल्या एक-दोन दिवस उघड्या ठेवून एअर पंप लावा. बोअरला ही भानगड नाही.

टँक लावा, खडी धुऊन घाला, स्पंज फिल्टर आणि एअर पंप चालू करा. भारी कॅनिस्टर फिल्टरच्या मागे लागू नका. लाइट गेली की बंद डब्यातला प्राणवायू संपतो आणि आतले जीवाणू गुदमरतात, उघड्या स्पंजला तितकी झळ बसत नाही. एअर पंप इन्व्हर्टरवर घेता आला तर उत्तम, त्याला फार करंट लागत नाही.

आता जीवाणूंना खायला काय घालायचं? मासे नाहीत, तर अमोनिया आपणच घालायचा. पुष्कळ लोक चिमूटभर खाद्य टाकून कुजू देतात. होतं तसंही, पण पाणी घाण होतं आणि किती अमोनिया तयार झाला याचा हिशेब लागत नाही. मी नवसागर वापरतो. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा, तापलेल्या पातेल्यात तो जी पांढरी पूड टाकायचा आणि भप्पकन धूर यायचा, तोच नवसागर. रसायनवाले त्याला अमोनियम क्लोराईड म्हणतात. मात्र बाजारातला खडा नको, त्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळांना रसायनं पुरवणारं दुकान परभणीत नक्की सापडेल, तिथून शुद्धातली बाटली आणा. झाकण घट्ट लावून लेकीच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

मात्रा अशी. १० ग्रॅम नवसागर १ लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. दोन फुटी टँकमध्ये खडी वगैरे जाऊन साधारण ७५ लिटर पाणी बसतं. त्या बाटलीतलं ५० मिली घातलं की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या) आसपास येतो. मोजायला मेडिकलमधली मोठी सिरिंज घ्या. ‘थोडं जास्त घालू, लवकर होईल’ हा मोह टाळा. ५ पीपीएमच्या वर गेलं तर काम उलट रेंगाळतं.

पहिल्या दिवशी मी ते सिरिंजनं घालत होतो तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, ‘अरे, मासे नाहीत अन् पाण्याला काय जेवू घालायलास?’ महिनाभर आल्या-गेल्याला तिनं हेच सांगितलं, ‘पोरानं पाणी पाळलंय.’

माझी वही समोर आहे, त्यातून सांगतो. फेब्रुवारीअखेर सुरू केलं, पाणी २७-२८ अंश. पहिले आठ दिवस अमोनिया जागचा हलला नाही. नवव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत आकाशी रंगावर पहिली जांभळी छटा. चौदाव्या दिवसापासून अमोनिया झपाट्यानं उतरायला लागला, तो संपला की मी निम्मी मात्रा पुन्हा घालायचो, साधारण दर दोन-तीन दिवसांनी. नायट्राइट मात्र गडद जांभळ्यावर जाऊन बसला. लोक धीर सोडतात ते इथंच. पट्टी संपेपर्यंत नायट्राइट चढला तर अमोनिया घालणं थांबवा, अर्धं पाणी बदला आणि गप्प बसा. जीवाणू पाण्यात नसतात, ते स्पंजला, खडीला, काचेला चिकटलेले असतात. पाणी बदलल्यानं केलेलं काम वाया जात नाही. (म्हणूनच दुकानदारानं ‘जुन्या टँकचं पाणी’ म्हणून दिलेली पिशवीही बिनकामाची.) एकतिसाव्या दिवशी जांभळा रंग एकदम गेला. हे खरंच एका रात्रीत होतं, किट बिघडलं की काय म्हणून मी तीनदा टेस्ट केली.

परीक्षा तेव्हाच घ्यायची. पूर्ण मात्रा घाला, म्हणजे २ पीपीएम. २४ तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आला तर टँक तयार. एक जरी शिल्लक असेल तर अजून नाही. माझा तेहतिसाव्या दिवशी पास झाला.

किटबद्दल एक सांगायला हवं. पट्ट्यांचं घेऊ नका, थेंबांचं घ्या. महाग आहे, पण सहा गोल्डफिश दोनदा आणण्यापेक्षा स्वस्त. नायट्रेटच्या दोन बाटल्यांपैकी दुसरी अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, तळाशी रसायन बसलेलं असतं. ती न हलवता टेस्ट केली तर नायट्रेट खोटा कमी दिसतो.

मित्राचे बारा दिवस कसे? त्यानं माझ्या चालू टँकमधला स्पंज नेला. विरजण घातलं म्हणायचं. ओळखीत कुणाकडे वर्षभर चाललेला निरोगी टँक असेल तर एक जुना स्पंज मागा, त्याच टँकच्या पाण्यात बुडवून पिशवीत घ्या आणि तासाभरात आपल्या टँकमध्ये लावा. वाटेत वाळू देऊ नका. त्या टँकमध्ये मासे आजारी असतील तर मात्र विरजणाबरोबर रोगही येतो. बाटलीतले जीवाणू मिळतात, पण आपल्याकडच्या उन्हात त्या बाटल्या ट्रकमध्ये किती दिवस तापल्या असतील कोण जाणे. माझ्यापुरतं तरी त्यावर पैसे घालणं बंद केलंय.

आता तो नायट्रेट. सायकल संपताना माझी नायट्रेटच्या टेस्टची नळी ८० च्या लालवर होती. निम्मा माझ्या नवसागरातून आलेला, निम्मा बोअरमधूनच. शेतातल्या खतांचा आणि शोषखड्ड्यांचा नायट्रेट जमिनीखाली झिरपतो. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि माझ्या बोअरच्या पाण्याची टेस्ट ४० दाखवते. अशा पाण्यानं कितीही बदला, ४० च्या खाली येणारच नाही. इथं आरओ कामाला येतं. निम्मं बोअर, निम्मं जारचं असं मिसळून मी टँकमधलं ८० टक्के पाणी बदललं आणि आकडा तिसाच्या आसपास आला. बोअरचे क्षार निम्मे उरतात, ते जीवाणूंना पुरतात. वर मनीप्लांटच्या दोन फांद्या मुळं पाण्यात सोडून लावल्यात, त्या नायट्रेट चांगला ओढतात.

२०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते हे आमचं लातूर. साठ लिटर पाणी एकदम बाहेर काढताना माझा हात थबकला होता. ते मोरीत ओतू नका, कुंड्यांना घाला, नायट्रेट म्हणजे झाडांचं खतच. आमच्या शेवग्यानं त्या वर्षी काय शेंगा दिल्या!

मासे सोडल्यावर पहिले दोन आठवडे खाद्य कमीच घाला. आणि स्पंज कधीच नळाखाली धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळला की पुरे.

गोल्डफिशचा हट्ट असेल तर लेकीची समजूत काढा. दोन फुटी टँक त्यांना लवकरच अपुरा पडतो आणि घाणही फार करतात. आपल्या जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी मजेत राहतात, पिल्लंही देतात. तोवर तिला टेस्टच्या नळ्यांचे रंग वहीत रंगवायला द्या. माझ्या भाचीनं नायट्राइटची सगळी जांभळी पानं रंगवली होती.

टँक भरण्याआधी बोअरच्या पाण्याचा पीएच आणि नायट्रेट तेवढा मोजा आणि खाली लिहा. नायट्रेट ४० च्या पुढं असेल तर शेवटी किती जार मिसळायचे ते सांगतो.