पुण्यात शिक्षकांना इतर पदवीधरांच्या मानाने योग्य पगार मिळतो का?

अनुदानित शाळेत कायम झालेल्यांना मिळतो, बाकीच्यांना नाही. मी अनुदानित माध्यमिक शाळेची पगारबिलं शालार्थवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन वेतन प्रणालीवर भरतो, त्यावरून सांगतो. सातव्या वेतन आयोगात पदवीधर-बीएड शिक्षकाचं मूळ वेतन महिना 38,600 पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. हिंजवडीत नव्याने लागलेल्या साध्या इंजिनियरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात, म्हणजे त्याच्यापेक्षा हे बरंच जास्त. पण त्याआधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे ठरावीक मानधनावर काढावी लागतात. 2023 मध्ये वाढवूनही माध्यमिकला मानधन 18,000 च, प्राथमिकला 16,000. पदवी आणि वर बीएड केलेल्या माणसाला कोथरूडमध्ये खोली घेऊन एवढ्यात राहून दाखवा म्हणावं! शिवाय इंजिनियर नोकरी बदलून पगार वाढवतो, शिक्षकाला वर्षाची ठरलेली 3 टक्के वेतनवाढ, वर्ग कितीही चांगला घेतला तरी. हे सगळं अनुदानितपुरतं. कायम विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे वेतनश्रेणी द्यायला हवी, पण अनेक ठिकाणी ती कागदावरच राहते. तिथे रुजू होण्याआधी नियुक्तिपत्रात वेतनश्रेणी लिहिली आहे का, एवढं नक्की बघा.