वाचकांचे प्रश्न : मदतनिसाचे तास आणि हिशेबाची वही

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा असून त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) आहे. त्याला बोलता येत नाही, पण समजते सगळे. गेल्या वर्षी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मला त्याची कायदेशीर पालक नेमले. त्याला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे मिळतात. त्यांत माझ्या शिवणकामाचे पैसे घालून मी त्याची आंघोळ आणि आवराआवर करण्यासाठी सकाळी दोन तास एक मावशी ठेवल्या आहेत. सासऱ्यांनी त्याच्या नावावर सिन्नरजवळ दहा गुंठे जमीनही करून दिली आहे. आता समितीला वार्षिक हिशेब द्यावा लागेल असे मला सांगण्यात आले. पोटच्या मुलाचा हिशेब आईने परक्यांना का द्यायचा? आणि उरलेला दिवसभर त्याचे सगळे मीच करते, त्याचा मोबदला मला त्याच्या पैशांतून घेता येईल का?
— एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नातली बोच मला समजते. सव्वीस वर्षे रात्री-अपरात्री उठून ज्याची कूस बदलली, त्याच्या खर्चाचा कागद कोणी मागितला की मन दुखावतेच. तरीही हिशेब द्यावा लागतो, आणि तो द्यावा असेच मी आपल्याला मनापासून सांगेन.

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता यांसारखे अपंगत्व असलेल्यांसाठीच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १६ ने पालकावर दोन जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या स्थावर मालमत्तेची आणि त्याच्या येण्या-देण्याची यादी नेमणूक करणाऱ्या समितीला द्यायची असते. त्यानंतर प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत, म्हणजे ३० जूनपर्यंत, किती रक्कम आली, किती खर्च झाली आणि किती शिल्लक राहिली याचा हिशेब सादर करायचा असतो. सिन्नरजवळची जमीन त्या पहिल्या यादीत यायला हवी होती. ती दिली नसेल तर उशीर झाल्याचे कारण लिहून सातबाराच्या उताऱ्यासह आताच द्यावी. विचारणा होईपर्यंत थांबू नये.

कायदा आपल्यावर अविश्वास दाखवतो, असे कृपया समजू नका. याच कायद्याखाली आई पालक होते, भाऊ होतो, काका होतो, एखादी नोंदणीकृत संस्थाही होते, आणि यांतला कोण प्रामाणिक आहे हे समितीला चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. आपला मुलगा सज्ञान आहे. ते अनुदान आणि ती जमीन त्याची आहे. आपण ती त्याच्या वतीने सांभाळता. पालक दुर्लक्ष करत असेल किंवा मालमत्तेचा गैरवापर करत असेल, तर त्याला दूर करण्यासाठी नातेवाइकाला अथवा नोंदणीकृत संस्थेला कलम १७ खाली अर्ज करता येतो. दहा गुंठ्यांवरून उद्या भाऊबंदकीत कुरबूर झाली, तर वेळच्या वेळी दिलेले हिशेब हाच आपला आधार असेल. आणि आपल्यानंतर जो कोणी पालक होईल, त्याच्या हाती कोरी वही पडण्यापेक्षा भरलेली वही पडणे मुलाच्या हिताचे आहे.

वही साधीच असू द्या. मुलाच्या बँक खात्यातून काढलेली रक्कम एका बाजूला आणि मावशींना दिलेला पगार, औषधे, डायपर, रिक्षाभाडे दुसऱ्या बाजूला लिहावे. मावशींची हजेरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडली तरी चालेल, मात्र पगार देताना तारखेसह त्यांची सही घ्यावी आणि खाडे असतील तर तेही लिहावेत. आपले शिवणकामाचे पैसे घालता ते वेगळ्या रकान्यात दाखवा. अनेक आया ही रक्कम लिहीतच नाहीत, त्यामुळे अनुदानातच सगळे भागते असे कागदावर दिसते आणि सरकारी मदत किती अपुरी आहे हे कोणाला कधीच कळत नाही. अनुदानासाठी दरवर्षी लागणारा हयातीचा दाखला मात्र वेळेत द्यावा, कारण तो राहून गेला की अनुदान थांबते आणि मग तहसील कार्यालयाच्या खेपा सुरू होतात.

आता मोबदल्याविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये काळजीवाहकाची व्याख्या करताना आई-वडील आणि कुटुंबातील इतर व्यक्ती, मग त्या मोबदला घेऊन काळजी घेत असोत वा न घेता, स्पष्टपणे धरल्या आहेत. म्हणजे आपण दिवसभर करता ते काम कायद्याच्या दृष्टीनेही कामच आहे. ज्यांना सतत आणि सखोल आधार लागतो, अशा दिव्यांग व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख त्याच अधिनियमाच्या कलम २४ मधील योजनांच्या यादीत आहे, आणि अशा आधाराची गरज तपासून घेण्यासाठी अर्ज करण्याची सोय कलम ३८ मध्ये आहे. हा अर्ज मुलाच्या वतीने आपण करू शकता. मंजुरीनंतरची मदत मात्र शासनाच्या प्रचलित योजनांच्या मर्यादेतच मिळते, हे ध्यानात ठेवावे. मुलाच्या खात्यातून स्वतःहून मोबदला घेणे ही गोष्ट वेगळी आहे. पैसे द्यायचे की नाही हे ठरवणारी आणि ते घेणारी व्यक्ती एकच असली, तर हेतू कितीही शुद्ध असला तरी शंकेला जागा राहते. म्हणून आधी समितीला लेखी विचारावे आणि लेखी उत्तर येईपर्यंत एक रुपयाही त्या कारणासाठी काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती मला हिशेबाहून महत्त्वाची वाटते. याच अधिनियमाच्या कलम ५ मध्ये जगण्यासाठी आवश्यक ती वैयक्तिक मदत व्यक्तीचे वय आणि लिंग लक्षात घेऊन मिळावी असे म्हटले आहे. आपल्या २६ वर्षांच्या मुलाला आंघोळ मावशी घालतात. त्याला ते चालते का, हे त्याला एकदा शांतपणे विचारा. त्याला बोलता येत नसले, तरी त्याचा होकार आणि नकार आपल्याइतका कोण ओळखणार? त्याला पुरुष मदतनीस हवा असेल, तर तो शोधण्याची खटपट करायला हवी.

प्रश्न : माझी मावशी अमेरिकेची नागरिक आहे. अर्धांगवायूनंतर तिच्या मदतीसाठी कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या तिथल्या सरकारी मेडिकेड आरोग्य योजनेतून तास मंजूर झाले असून तिची मुलगीच पगारी मदतनीस आहे. फोनवरच्या ॲपमध्ये काम सुरू केल्याची आणि संपल्याची नोंद करावी लागते. मागे मावशी सहा दिवस रुग्णालयात असतानाही ‘नोंद चालू ठेव, सगळेच करतात’ असे मावसबहिणीला मदतनीस पुरवणाऱ्या एजन्सीतून सांगण्यात आले, आणि तिने तसे केले. आता ती घाबरली आहे.
— इंदिरानगर, नाशिक

उत्तर : घाबरण्यापेक्षा तिने लगेच दुरुस्ती करावी. २०१६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका कायद्याने मेडिकेडच्या वैयक्तिक मदतीसाठी अशी इलेक्ट्रॉनिक नोंद बंधनकारक केली आणि नंतरच्या दुरुस्तीने १ जानेवारी २०२० पासून तिची अंमलबजावणी अपेक्षित धरली गेली. सेवा कोणती, कोणाला दिली, कोणी दिली, कोणत्या तारखेला, कुठे, आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, या सहा गोष्टी तीत असाव्या लागतात. न दिलेल्या सेवेचे तास भरणे ही तिथे सार्वजनिक पैशांची फसवणूक ठरते आणि तिच्या तपासासाठी राज्यांमध्ये स्वतंत्र यंत्रणा आहे. एजन्सीने तोंडी सांगितले, हा बचाव पुरेसा नाही.

सहा दिवसांच्या तारखा आणि वेळा लिहून चुकीची नोंद रद्द करण्याची व मिळालेली रक्कम परत घेण्याची विनंती तिने एजन्सीला लेखी करावी. तिथे टाळाटाळ झाली तर राज्याच्या मेडिकेड कार्यालयाला कळवावे आणि शक्य तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. रुग्णालयात मुलीने खरोखर काही मदत केली असेल, तर तेही त्या पत्रात लिहावे. २०२० मधल्या बदलानंतर काही राज्यांत, काही योजनांखाली आणि रुग्णाच्या मंजूर आराखड्यात तशी तरतूद असेल तर, अशी मदत ग्राह्य धरता येते. पण ते आधी विचारून करायचे असते.

या ॲपविषयी तिथल्या अपंगांच्या संघटनांनी घेतलेले आक्षेप मला रास्त वाटतात. आपण कधी कुठे होतो हे सतत यंत्राला सांगावे लागणे अपमानास्पद आहे, आणि उपग्रहावरून ठिकाण टिपलेच पाहिजे असे तो कायदाही म्हणत नाही. मदतनीस त्याच घरात राहत असेल तर या नोंदीतून सूट देण्याची मुभा राज्यांना आहे. आपली मावसबहीण आईसोबतच राहत असल्यास तिने ही चौकशी जरूर करावी. दुरुस्तीच्या पत्राची एक प्रत मावशींनाही वाचून दाखवावी आणि त्यांच्याजवळ ठेवावी, कारण मंजूर झालेले तास त्यांच्या नावावरचे आहेत.